म्हातारपण एका रात्रीत येत नाही

परवापर्यंत आपलं ताट आपण उचलणाऱ्या, दुपारी शब्दकोडं सोडवणाऱ्या वृद्धाश्रमातल्या आजी आज सकाळपासून चादरीवरचे नसलेले दोरे वेचत बसल्या आहेत. मधूनच मावशींना "आई" म्हणून हाक मारतात, आणि "मला माहेरी पोचवा, गाडी चुकेल" असा धोशा लावतात. कचेरीतून मुलीला फोन जातो. मुलगी क्षणभर गप्प होते आणि म्हणते, "८२ वर्षांची आहे हो ती. आता हे व्हायचंच." व्यवस्थापकांचंही तेच मत असतं. रात्री झोपेची अर्धी गोळी सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं, चला, प्रश्न मिटला.

खरं तर तिथूनच तो चिघळतो.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वर्षानुवर्षं हळूहळू पसरत जातो. नेमका कधी सुरू झाला, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. मंगळवारी नसलेला आणि गुरुवारी दिसलेला गोंधळ ही वेगळी गोष्ट आहे. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत माणूस बदलतो, लक्ष कशावरच टिकत नाही, बोलणं भरकटतं, आणि दिवसभरात हे सारखं कमीजास्त होत राहतं. सकाळी डॉक्टर फेरीला येतात तेव्हा आजोबा "या, बसा" म्हणतात, आणि रात्री अकराला दाराला धडका देतात. मग डॉक्टरांना वाटतं, मावशी वाढवून सांगतात. मावशी वाढवून सांगत नसतात. हा चढउतारच या दुखण्याची ओळख आहे.

त्याचं मूळ पुष्कळदा डोक्याबाहेर असतं: छातीत, मूत्राशयात, आतड्यात, रक्तातल्या क्षारांत किंवा गोळ्यांच्या डबीत. चाळिशीच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप येतो, खोकला येतो, पण डोकं सहसा ठिकाणावर राहतं. थकलेल्या शरीराचं मात्र पेन्शनरच्या बचतखात्यासारखं असतं; शिल्लक इतकी बेताची की पाचशे रुपयांचा चेकही वटत नाही. दोन दिवस पाणी कमी पडलं, सर्दीची एक नवी गोळी सुरू झाली, रात्री डासांनी झोपू दिलं नाही, इतकंही पुरतं. त्यात आधीपासून स्मृतिभ्रंश असेल तर धोका आणखी वाढतो. आणि नेमका अशाच माणसाचा डेलिरियम सगळ्यांच्या नजरेतून सुटतो, कारण "ते तर नेहमीच विसरतात".

आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. निवृत्त कंडक्टर हवेत तिकिटं फाडतो, मास्तर रात्री दोन वाजता हजेरी घेतात, कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणाला वारलेला भाऊ कोपऱ्यात उभा दिसतो. अख्खा मजला जागा होतो आणि कुणीतरी डॉक्टरांना फोन लावतं. मला जास्त काळजी वाटते ती गप्प झालेल्यांची. डेलिरियमचा हा दुसरा प्रकार वृद्धांमध्ये अतिशय सामान्य आहे. आजी दिवसभर पडून असतात. हाक मारली की डोळे उघडतात, पुन्हा मिटतात. घास तोंडात तसाच राहतो. कुणाला त्रास नाही, कसली तक्रार नाही. रजिस्टरमध्ये ‘पेशंट शांत, झोप चांगली’ अशी नोंद होते. घरचे भेटायला येतात, कपाळावर हात ठेवतात आणि बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणतात, "आता यांनी सगळ्यातून लक्ष काढून घेतलंय. शेवट जवळ आलेला दिसतो." कधीकधी तो खरोखरच जवळ आलेला असतो. पण पुष्कळदा सोडियम घसरलेलं असतं, नाही तर छातीत कफ साचलेला असतो, आणि चार दिवसांच्या उपचारांनी त्याच आजी उठून बसून चहात साखर कमी असल्याची तक्रार करू शकतात. एरवी बोलकं असलेलं माणूस एकाएकी गप्प झालं, तर ती बातमी आरडाओरड्याइतकीच तातडीची आहे.

हे ओळखायला पदवी लागत नाही. माणूस रोज कसा असतो, हे ठाऊक असलेलं कुणीतरी लागतं. डॉक्टर मंडळी नातेवाइकांना एक साधा प्रश्न विचारतात: "अलीकडे हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळल्यासारखे वाटतात का?" त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. याच्या जोडीला एडिनबरोच्या डॉक्टरांनी रचलेली ‘फोर-ए-टी’ नावाची छोटी चाचणी आता जगभर वापरली जाते. दोन मिनिटं पुरतात. माणूस नीट जागा आहे का, आपलं वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष सांगतो का, वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणू शकतो का, आणि वागण्यात अचानक बदल झाला आहे का, एवढंच ती पाहते. आपल्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या किती तरी आज्या आहेत. त्यांना महिन्यांऐवजी आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगा. इथे हुशारी तपासायची नाही, लक्ष टिकतं का ते पाहायचं आहे. रविवार, शनिवार म्हणून आजी मध्येच खिडकीकडे बघू लागल्या आणि काय विचारलं होतं तेच विसरल्या, तर तेवढंही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. ही निदानाची चाचणी म्हणून करायची नाही. डॉक्टरांना फोनवर नेमकं काही सांगता यावं म्हणून करायची.

आता कारणांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

पहिल्या पाच मिनिटांत साखर तपासा. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवत राहतात, इन्सुलिनचंही तेच. आजींची एकादशी, संकष्टी चालू आणि सकाळची गोळी मात्र नेमाने हातावर, हे चित्र दुर्मीळ नाही. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर ताबडतोब साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा.

मग ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि श्वास. श्वास मोजायचं काम आपल्याकडे कुणी करत नाही, आणि न्यूमोनियाची पहिली खूण पुष्कळदा तिथेच असते. वृद्धांना मोठा जंतुसंसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. स्वस्थ पडलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ च्या वर जात असेल तर डॉक्टरांची फेरी उद्या आहे म्हणून थांबू नका.

पोट. हा विषय बोलायला कुणाला आवडत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. बद्धकोष्ठानेसुद्धा म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. त्यात एक फसवणूक असते. आत घट्ट खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपत राहतं. डायपर खराब झालेला दिसतो, मावशी "जुलाब होतायत" म्हणून सांगतात, आणि जुलाब थांबवायची गोळी दिली जाते. म्हणजे बुजलेल्या वाटेवर आणखी एक दगड. लघवीचंही असंच. प्रॉस्टेट वाढलेल्या आजोबांचं मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं, थेंब थेंब गळत असतं, डायपर ओला असल्यामुळे लघवी होतेय असा सगळ्यांचा समज असतो. बेंबीखाली हात ठेवून पाहिलं तर फुगवटा लागतो. तुंबलेली लघवी निघाली की काही तासांत माणूस भानावर आल्याची उदाहरणं डॉक्टरांना चांगली ठाऊक आहेत.

लघवीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. म्हातारा माणूस गोंधळला की लघवीची तपासणी, त्यात जंतू सापडले की अँटिबायोटिक, हा आता ठरीव मार्ग झाला आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या अनेकांच्या लघवीत काहीही आजार नसताना जंतू सापडतात, बायकांच्या तर जास्तच. जळजळ नाही, ताप नाही, आणि नुसत्या रिपोर्टवर उपचार सुरू झाले, की खरं कारण तसंच राहतं आणि शोध मात्र थांबतो. रिपोर्ट आला म्हणून विचार करणं सोडू नका.

पाणी आणि मीठ. रात्री बाथरूमला जाताना पडू नये, मावशींना उठवावं लागू नये, म्हणून किती तरी वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. काही जण दिवसाही टाळतात. तहानही या वयात कमी लागते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे याचा परिणाम काय होतो, ते सांगायला नको. दुसरीकडे रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर काढतात, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ते घटतं, आणि त्यावर अळणी जेवण. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. ते बरंच खाली गेलं की आधी मरगळ, मग बडबड, मग झटके. "मीठ कमी झालंय ना, मग मीठ-पाणी पाजतो" असला घरगुती इलाज करू नका. सोडियम घाईने वर चढवलं तर मेंदूला इजा होते. ते काम रुग्णालयात, रक्त तपासत, सावकाश करायचं असतं.

पडणं. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये घसरलेले, तेव्हा "काही लागलं नाही" म्हणून सोडून दिलेलं असतं. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून त्याचा परिणाम कित्येक आठवड्यांनी दिसू शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर याचा संशय आधी घ्यायचा. म्हणून विचारलं तर जुनं पडणंसुद्धा सांगा, आणि नाही विचारलं तरी सांगा.

गोळ्यांच्या डबीबद्दल वेगळं बोललं पाहिजे. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, लघवीचे वेगळे, झोपेची गोळी कुणी लिहिली ते आता कुणालाच आठवत नाही. दहा-बारा गोळ्यांची ही फौज वर्षानुवर्षं तशीच चालत राहते. त्यातल्या काही म्हाताऱ्या मेंदूला मानवत नाहीत. सर्दी-खाजेवर सर्रास दिली जाणारी ॲव्हिल किंवा क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी, ॲटारॅक्स, फेनर्गन, नसांच्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, हातापायांच्या कंपावरची पॅसिटेन, झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, दुखण्यावर ट्रॅमाडॉल: यांतली एखादीही वृद्धाला गोंधळात टाकू शकते, आणि दोन-तीन एकत्र आल्या तर विचारायलाच नको. यातली कोणतीही गोळी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नका, अचानक तर मुळीच नको. पण सगळी डबी, आयुर्वेदिक पुड्या आणि दुकानातून आणलेलं कफ सिरप धरून, एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं आता काय लागत नाही?" दीर्घकाळ निवासी केंद्रांत राहणाऱ्या वृद्धांमध्ये डेलिरियम कसा टाळावा, यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. असे अभ्यास मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यात आश्वासक ठरलेला उपाय हाच होता: धोक्याची औषधं संगणकाने हेरायची आणि फार्मासिस्टने सगळी यादी पुन्हा तपासायची. आपल्याकडे प्रत्येक केअर सेंटरला फार्मासिस्ट कुठून मिळणार, हे खरं. पण तीन महिन्यांतून एकदा यादी तपासून घ्यायला फार्मासिस्टच हवा असं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी भरती करताना घरचे लपवतात. वडील रोज संध्याकाळी दोन पेग घेत होते. फॉर्मवर ‘व्यसन: नाही’ असं लिहिलं जातं, कारण चारचौघांत कसं सांगायचं? तिसऱ्या दिवशी वडिलांचे हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, अंगावर झुरळं चढताना दिसतात. सवयीची दारू अचानक तुटली की दोन ते चार दिवसांत असा डेलिरियम येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी नव्या जागी सोबत न दिल्यानेही असंच होतं. आजींची मिश्री किंवा तंबाखू तुटली की जीव नुसता कासावीस होतो, तेही सांगायला लाजू नका. लाज फॉर्मपुरती असते, परिणाम मात्र वडील भोगतात.

मेलेली माणसं दिसू लागली म्हणजे बोलावणं आलं, किंवा कुणाची तरी दृष्ट लागली, असं मानणारी घरं अजून आहेत. मीठ-मोहरी ओवाळायला, अंगारा लावायला माझी काही हरकत नाही. साखर आणि श्वास तेवढा आधी मोजा.

काय करू नये, हे जरा कडकपणे सांगतो. हात पलंगाला बांधू नका. ओढणीने नाही, बँडेजने नाही, "फक्त रात्रीपुरते" नाहीत. अमेरिकेतल्या डॉ. शेरॉन इनोये यांनी १९९६ मध्ये रुग्णालयातल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेलिरियम ओढवून आणणाऱ्या गोष्टींत बांधून ठेवणं, लघवीची नळी, कुपोषण आणि एकदम तीनपेक्षा जास्त नव्या औषधांची भर या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. म्हणजे आपण गोंधळ आवरायला बांधतो आणि बांधण्याने गोंधळ वाढतो. लघवीची नळीसुद्धा वैद्यकीय गरज असेल तेवढेच दिवस. डायपर बदलण्याचा व्याप वाचतो म्हणून ती घातलेली असेल तर डॉक्टरांना विचारून काढून घ्या.

आणि गुंगीचं इंजेक्शन. घरच्यांनी "काहीतरी द्या हो, बघवत नाही" म्हटलं की ते दिलं जातं, हे कबूल करायला हवं. दोष फक्त केअर सेंटरचा नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल, किंवा भीतीने तळमळत असेल आणि समजावून काहीच उपयोग होत नसेल, तर डॉक्टर अगदी कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी औषध देतात; त्याला जागा आहे. पण ते कारणावरचं औषध नव्हे. पार्किन्सन किंवा ल्युई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असलेल्यांना हॅलोपेरिडॉलसारखं औषध फार घातक ठरू शकतं, म्हणून असा आजार असेल तर फाइलवर लाल शाईने लिहून ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना या गटातली औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला.

वाद घालू नका. "आई जाऊन चाळीस वर्षं झाली तुमची" असं ठणकावून सांगितल्याने आजींना आज पुन्हा आई गेल्याचं दुःख होतं, बाकी काही साधत नाही. आई अजून आहे असंही खोटं सांगू नका. "आईची आठवण येतेय ना? मी आहे इथे, हा तुमचा वृद्धाश्रम आहे, आज गुरुवार आहे," इतकं पुरे. आवाज हलका ठेवा, एका वेळी एकच जण बोला.

उपाय म्हणाल तर इतके साधे आहेत की त्यांना कुणी उपाय मानत नाही. चष्मा डोळ्यांवर, कानाचं मशीन कानात आणि सेल बदललेला, कवळी तोंडात. समोर मोठ्या अंकांचं घड्याळ आणि कॅलेंडर. दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा. दर दोन तासांनी हातात पाण्याचा पेला. नुसता उशाशी ठेवलेला नव्हे. जेवायला खुर्चीवर, जमेल तेवढं चालणं. दुखत असेल तर दुखण्याचं औषध वेळेवर. इनोये यांच्याच गटाने येलच्या रुग्णालयात सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर असे उपाय पद्धतशीरपणे करून पाहिले; १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १५ टक्के लोकांना डेलिरियम झाला, या उपायांच्या गटात ९.९ टक्के. हा अभ्यास रुग्णालयातला होता, वृद्धाश्रमातला नव्हे, हे ध्यानात ठेवूनही सांगतो की चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवायला खर्च काहीच येत नाही.

भाषेचं एक सांगितलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या केअर सेंटरमध्ये सेवा करणारी मुलं-मुली पुष्कळदा दूरच्या राज्यांतून आलेली असतात. मेहनती असतात, मायाळू असतात, पण त्यांची हिंदी आणि आजींची मालवणी यांची गाठ पडत नाही. भानावर नसलेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा आधी हातची सुटते. तेव्हा "बस, चल, पाणी, दुखतंय का, घाबरू नका" असे वीस-पंचवीस शब्द त्या मुलांना शिकवा, आणि अशा दिवसांत घरच्या कुणीतरी शेजारी बसा. मुलं परदेशात असतील तर फोनवर ओळखीचा आवाज ऐकवा. पण भाचा, पुतण्या, जुनी शेजारीण, कुणीतरी प्रत्यक्ष येईल असं पाहा.

वृद्धाश्रम आणि केअर सेंटर चालवणाऱ्यांना हात जोडून तीन-चार गोष्टी सांगायच्या आहेत. पहाटे चारला सगळ्यांना उठवून स्पंजिंग उरकण्याची पद्धत बंद करा. ती पाळी बदलण्याच्या सोयीसाठी आहे आणि म्हाताऱ्यांच्या झोपेचा बळी घेते. पलंग रिकामा झाला म्हणून कुणाची खोली बदलू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत जागा विनाकारण बदलू नका असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि ती मार्गदर्शिका रुग्णालयांबरोबर दीर्घकालीन निवासी केंद्रांसाठीही आहे. रात्रपाळीच्या मावशींनी काय पाहिलं ते सकाळच्या पाळीला सांगायला पाच मिनिटं राखून ठेवा. वागणुकीतला बदल सगळ्यात आधी त्यांना दिसतो, आणि त्यांचंच कुणी ऐकत नाही. त्यांनी "आजोबा आज वेगळे वाटतात" म्हटलं तर ती तक्रार समजू नका, नोंद समजा.

भरतीच्या दिवशी घरच्यांकडून एक पान भरून घ्या: हे एरवी कसे असतात. पेपर वाचतात का, स्वतः जेवतात का, मुलांची नावं सांगतात का, ऐकू किती येतं, पोट कधी साफ होतं, रात्री किती वेळा उठतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. हे पान नसेल तर नव्या डॉक्टरांना ‘बदल’ कळणार कसा?

नातेवाइकांनो, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा रुग्णालयातून परत वृद्धाश्रमात आणलं असेल, तर ते पहिले दिवस फार जपा. आणि घाईने निराश होऊ नका. कारण दूर झालं तरी डोकं लगेच लखलखीत होत नाही. काहींना दोन दिवस लागतात, काहींना आठवडे, काहींना महिने; काही जण पूर्वीच्या पायरीवर पूर्ण परत येतही नाहीत, आणि डेलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त राहतो. म्हणूनच लवकर ओळखायचं. या काळात त्यांच्या सह्या-अंगठे घेऊ नका. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेचा कागद, काहीही नको. नेमक्या याच आठवड्यात स्टॅम्प पेपर घेऊन अवतरणारे पुतणे मी कमी ऐकलेले नाहीत.

उलट बाजूही आहे. आजी म्हणाल्या, "मला इथे मारतात", तर ‘भ्रमात आहे’ म्हणून झटकून टाकू नका. अंगावर वळ आहेत का पाहा, दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा विचारा, शेजारच्या पलंगावरच्यांना विचारा. शंका खरी वाटली तर वृद्धांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदाही आहे. गोंधळलेला माणूस खरं बोलतच नाही, असं थोडंच आहे?

हे वाचून झाल्यावर तुमच्या आई-वडिलांच्या, मावशी-काकांच्या वृद्धाश्रमाचा नंबर फिरवा. त्यांच्या गोळ्यांची आजची यादी मागून घ्या, ते एरवी कसे असतात याचं एक पान लिहून पाठवा, आणि व्यवस्थापकांना सांगून ठेवा: वागण्यात अचानक बदल दिसला तर रात्रीचे दोन वाजले तरी मला उठवा. तो फोन आला की "वय झालं" म्हणू नका आणि झोपेची गोळी मागू नका. साखर किती आहे, श्वास किती आहे, लघवी आणि पोट साफ कधी झालं, नवी गोळी कोणती सुरू झाली, हे विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टर येतील असं बघा.